अनुपमसाठी सोडे

तात्या दिघ्यांनी उभी हयात खालापूरच्या सरकारी कचेरीत बसून काढली. इतके बसले, की निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता जरा हला. तात्या हलले ते थेट सायकलवर. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी अंतरा सुट्टीला कर्जतला आली की बापलेक पळसदरीच्या धरणापर्यंत सायकल मारून यायचे. येताना दोन-दोन वडापाव व्हायचे, त्यामुळे वजन जिथल्या तिथं राहायचं. पण हौस वाढत गेली.

एक दिवस अंतरा म्हणाली, "तात्या, हॉलंडला येता? आठवडाभर नुसती सायकल. समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला जायचं. सगळा देश सपाट आहे, एक घाट नाही."

"येतो," तात्या म्हणाले. इतक्या पटकन त्यांनी स्वतःच्या लग्नालासुद्धा होकार दिला नव्हता.

"एकच अट. माझ्या लग्नाचा विषय काढलात, की त्याच दिवशी तुम्हाला परतीच्या विमानात बसवणार. विषय म्हणजे आडून सुचवायचं पण नाही. उसासा पण टाकायचा नाही."

अंतरा चौतीस वर्षांची होती आणि उसाशांची तिला आता चांगली पारख झाली होती. तात्यांनी उसासा न टाकता मान डोलावली.

दुसरी अट स्वयंपाकघरातून आली. ललिताबाई, म्हणजे तात्यांच्या सौभाग्यवती, पोळी तव्यावर टाकत म्हणाल्या, "नेरळच्या कर्णिकांचा अनुपम तिकडंच असतो, लायडन का फायडनला. शिकलेला, आपल्यातला, अजून बिनलग्नाचा. त्याला सोडे नेऊन द्यायचे. हातात. आणि देताना पोरगी शेजारी उभी पाहिजे."

"अगं, पण तिनं बजावलंय..."

"तिला सांगायचं कशाला? आपण सोडे द्यायला जातोय. पुढचं त्यांचं ते बघतील. नाहीतर मी डॉक्टरांना तुमचा गुडघा सांगते. जिना चढताना कसला आवाज येतो, तो फोनवर ऐकवते त्यांना. मग बसा गॅलरीत."

गुडघ्याचा आवाज खरोखरच जुन्या फाटकासारखा होता. तात्यांनी विचार केला. अनुपमशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. खरं सांगायचं तर अंतराच्या लग्नाशीही फारसं नव्हतं. त्यांना समुद्राच्या कडेनं सायकल चालवायची होती आणि त्यासाठी ते कुणालाही काहीही नेऊन द्यायला तयार होते.

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. दिघ्यांच्या घरात देवाच्या खालोखाल मान तिचा. तात्या बाजारात सोनुबाईच्या पाटीपुढं उभे राहिले आणि कमी वासाचे सोडे आहेत का, म्हणून त्यांनी विचारलं.

"कमी वासाचं?" सोनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मंग भेंडी न्या की ओ तात्या! वास नाय तं सोड्यात हाय काय दुसरं?"

ललिताबाईंनी ते स्टीलच्या डब्यात दाबून भरले, झाकण लावलं आणि कडेनं कणीक लिंपून डबा बंद केला. वास काय, वासाचा बाप बाहेर पडणार नाही, म्हणाल्या.

मग सामान लादून सराव करायचा म्हणून तात्या तांदळाची पिशवी कॅरिअरला बांधून खालापूरकडं निघाले. जुन्या कचेरीतल्या लोकांना हेल्मेट दाखवावं, एवढाच हेतू. पण चौकात वळण चुकलं आणि ते एक्स्प्रेसवेवर चढले. टोलनाक्यावर जाऊन त्यांनी सायकलचा टोल किती, असं विचारलं. खिडकीतल्या माणसानं आधी तात्यांकडं बघितलं, मग सायकलकडं, मग हवालदाराला बोलावलं. शेवटी नवनाथ नावाच्या पोराच्या टेंपोत, फ्लॉवरच्या गड्ड्यांवर बसून तात्या परत आले.

"काका, हितं सायकल चालत नाय हो," नवनाथ वाटेत समजावत होता. "म्हशीला पन सोडत नाय हितं."

"हॉलंडला जायचंय मला."

"ह्या रस्त्यानं नाय जात तो," नवनाथ म्हणाला.

तरीही ते गेले. विमानानं गेले. तिथल्या कस्टमच्या माणसानं डबा नाकाशी नेला आणि कुणीतरी मेलेलं परत करावं तसा दोन्ही हातांनी तात्यांना परत केला.

भाड्याच्या सायकली घेतल्या. पहिल्याच चौकात तात्या सवयीनं डावीकडून निघाले आणि समोरून सायकलींवर येणाऱ्या सगळ्या शाळेला त्यांनी खाली उतरवलं. एका मास्तरीणबाईंनी घंटी वाजवली. तात्यांना वाटलं, स्वागत चाललंय. त्यांनीही वाजवली.

"आता उत्तरेला," अंतरा म्हणाली.

"आधी जरा लायडन करूया का?"

"ते दक्षिणेला आहे. अख्खा दिवस जाईल. काय आहे तिथं?"

"कर्णिकांचा अनुपम आहे. तुझ्या आईनं सोडे दिलेत."

अंतरानं सायकल थांबवली. "कोण अनुपम?"

तात्यांना परतीचं विमान दिसायला लागलं. "आहे गं एक. वयस्कर आहे," ते म्हणाले. हे कमी वाटलं म्हणून पुढं म्हणाले, "बराच वयस्कर."

अंतरा विरघळली. "बरं. डबा द्यायचा आणि निघायचं. चहा नाही, पाणी नाही."

देश खरंच सपाट होता. पण वारा समोरून होता, आणि तो कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता.

"घाट नाही म्हणाली होतीस ना?" तात्या धापा टाकत ओरडले.

"नाहीच आहे घाट!"

"मग हे पुढून कोण ढकलतंय?"

त्या वाऱ्यानं दुपारपर्यंत झाकणाची कणीक वाळवली. विटांच्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तिला चिरा पाडल्या. मग सोड्यांनी परदेशात पहिला श्वास घेतला. आधी एका बाईचा कुत्रा साखळीसकट तात्यांच्या मागं लागला, आणि साखळीमागून बाई. त्यांच्यापासून सुटका झाली, तेवढ्यात मागून मांजर. तात्या सगळ्यांना हात करत चालले होते. लोक किती आपुलकीचे आहेत, असं त्यांनी अंतराला सांगितलंसुद्धा.

लायडनच्या एका कमानी पुलावर चढताना कॅरिअरवरचा डबा सुटला, गडगडत उताराला लागला, आणि झाकण निघालं.

समुद्रपक्षी नेमके कुठून आले, ते कुणी बघितलं नाही. क्षणभर आकाश रिकामं होतं, दुसऱ्या क्षणी पांढरं झालं. तात्यांनी हेल्मेट काढून ते फिरवायला सुरुवात केली. एक पक्षी हेल्मेटवरच बसला. आपले सोडे दुसऱ्याच्या चोचीत जाताना बघणं दिघ्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. वर एक म्हातारी येऊन तात्यांनाच झापायला लागली आणि बोटानं पाटी दाखवायला लागली. पाटीवर पक्ष्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल रेघ.

"पक्ष्यांना खायला घालू नका म्हणतायत त्या," अंतरा हसू दाबत म्हणाली.

"मी घालतोय होय? लुटतायत ते!"

पाच मिनिटांत पूल पुसल्यासारखा स्वच्छ झाला. तात्यांनी रिकामा डबा उचलला, आणि एकदम त्यांना हलकं वाटलं. सोडे संपले, म्हणजे अनुपम संपला. ललितेला जे घडलं तेच सांगायचं; खोटं बोलायची पण गरज नाही.

"झालं. आता कुठल्या तोंडानं जायचं?" ते उत्साहानं म्हणाले. "चल, उत्तरेला."

"असं कसं, तात्या? एवढं म्हातारं माणूस वाट बघत असेल. तोंडावर जाऊन सॉरी म्हणायला नको? पत्ता द्या."

"नको गं, झोपले असतील."

"पत्ता द्या."

तात्यांनी दिला. दुसरं काय करणार? दोन मजले चढून अंतरानं बेल दाबली. दार उघडलं ते अर्धी चड्डी घातलेल्या, पस्तिशीच्या, दाट केसांच्या माणसानं.

"अनुपम कर्णिक आहेत का? वयस्कर आहेत."

"मीच," तो म्हणाला.

अंतरानं तात्यांकडं बघितलं. तात्या जिन्याच्या खिडकीतून कालवा बघत होते.

अनुपमची नजर डब्यावर गेली, कडेच्या कणकेवर गेली, आणि त्यानं डोळे मिटले. "सोडे?"

"होते. पक्ष्यांनी खाल्ले. सॉरी."

"सगळे?" त्याचा चेहरा उजळला. "या ना, आत या! बसा!"

त्यानं दोघांना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रीजरचं दार उघडलं. आत खच्चून पुडक्या. "हे पेणचे. हे अलिबागचे. हे ठाण्याचे काका स्वतः घेऊन आले होते, मुलीला ट्यूलिप दाखवायला. या खालच्या पुडकीत पत्रिकापण आहे, गोठलीय ती. मी कोळंबी खात नाही हो, अंगावर पित्त उठतं. आणि लग्न करायचं नाहीये, हे आईला सांगून थकलो. आई काय करते, पुढच्या काकांना पत्ता देते."

फ्रीजर घरघरत होता. अंतरानं तो हातानं बंद केला.

"तात्या, विमानतळ इथून रेल्वेनं पाव तासावर आहे."

"मी विषय काढला नव्हता," तात्या म्हणाले. "उसासाही टाकला नाही."

"म्हातारा म्हणालात याला!"

"तुझी आई डॉक्टरांना माझा गुडघा सांगणार होती. मग मला येताच आलं नसतं. म्हटलं, दोन मिनिटं उभी राहशील दारात, तुझं काय जातंय?"

"म्हणजे माझं लग्न जमावं म्हणून नाही?"

"छे गं! त्याचा मी विचारच केलेला नाही."

"कधीच?"

"अलीकडं तरी नाही. आणि जमलं असतं तर माझीच पंचाईत. सायकलवर माझ्याबरोबर कोण आलं असतं, तो?"

तात्यांनी अनुपमकडं जरा तुच्छतेनंच बघितलं. अनुपमनं ते मनाला लावून घेतलं नाही. "इतके काका येऊन गेले," तो म्हणाला, "पण असं कुणी बोललं नव्हतं."

पोरीच्या लग्नाची काळजी करणारे बाप अंतरानं गल्लोगल्ली बघितले होते. पोरीचं लग्न गहाण टाकून स्वतः फिरायला निघालेला बाप ती पहिल्यांदा बघत होती. ती काही बोलायच्या आत तात्यांचा फोन वाजला. ललिताबाई, व्हिडिओवर.

तात्यांनी फोन अंतरापुढं धरला. तो उचलायचा की नाही, उचलला तर काय सांगायचं, सगळं आता तिच्यावर होतं.

अंतरानं फ्रीजर पुन्हा उघडला, पेणची पुडकी काढून अनुपमच्या हातात दिली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तात्यांना खूण केली. घ्या फोन.

"दिले का हो?" ललिताबाईंचा आवाज आला. "दाखवा बघू. अगंबाई! उंचीला बरोबर आहे की. अरे अनुपम, सोडे आवडतात ना रे?"

"हो, काकू," अनुपम म्हणाला आणि पुडकी अंगापासून जरा लांब धरली.

"डब्यातनं काढले वाटतं? आणि मेले लहान का दिसतायत इतके?"

"थंडीनं, आई," अंतरा म्हणाली.

"असेल बाई, असेल. बरं, तुम्ही दोघं बोला. अहो, तुम्ही काय मधे उभे? जा की जरा बाहेर, सायकल चालवा. गुडघ्याला बरं असतं म्हणे."

फोन बंद झाला. अंतरानं पुडकी फ्रीजरमध्ये परत ठेवली आणि उत्तरेचा रस्ता कुठून लागतो, ते अनुपमला विचारलं. तो कागदावर काढून देत होता. ती कागद घेऊन वळली, तर तात्या तिथं नव्हते. खाली सायकलचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.