बघितलेली गाडी

त्याने बॉनेटवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. पत्रा कोमट होता. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये उभी होती. तिथे ऊन पोचत नव्हते.

"सकाळी बाहेर काढली होती का?"

डॉक्टर म्हणाले, जरा पुसायला काढली होती, धूळ फार बसते. ते दातांचे डॉक्टर होते आणि गाडी त्यांची होती. परदेशी बनावटीची, गडद निळी, चार दारांची सेडान. इतकी चकचकीत की तिच्यात शेजारचे खांब वाकडे होऊन दिसत होते.

"मग थंड होऊ द्या," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

त्याच्या मुलीने त्याच्याकडे पाहिले. त्याने तिला सांगितले की या जातीच्या गाड्यांत इंजिनातली साखळी सैल होते. इंजिन गार असताना चालू केले की ती खडखडते, आणि एकदा तापले की मूग गिळून गप्प बसते. म्हणून विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवतात. हे शेवटचे तो डॉक्टरांच्या समोरच बोलला, पण त्यात टोमणा नव्हता. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले आणि ते खांबाला टेकून उभे राहिले.

काका थोडे मागे उभे होते. मुलगी त्यांना काका म्हणायची. ती लहान असताना तिच्या आईने त्यांच्याशी दुसरे लग्न केले आणि मुलगी त्यांच्याच घरात वाढली. तो स्वतः त्यांना काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळच येणार नाही अशा बेताने बोलायला तो इतक्या वर्षांत शिकला होता.

फोन काकांनीच केला होता. मुलीला डोंगरापलीकडच्या शहरात नोकरी लागली आहे, दर आठवड्याला एकटीच ये-जा करणार, तिच्यासाठी एक गाडी बघतोय, असे ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही येऊन बघितलीत तर बरं होईल."

तो ज्या वर्कशॉपमध्ये काम करायचा तिथे अशाच गाड्या यायच्या. वर्कशॉप बंद पडले तेव्हापासून तो बहिणीकडे, वरच्या खोलीत राहत होता. वाईट वाटले असेही म्हणता आले नसते. बहिणीने हाक मारली की जेवायचा, घरातले दिवे मालवले की पडून राहायचा. एकदा बहीण वैतागून म्हणाली होती की दादा, भांड तरी. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली होती, जणू तिने मीठ मागितले होते. काकांच्या फोनला त्याने हो म्हटले, कारण नाही म्हणायचे तर काहीतरी सबब शोधावी लागली असती.

आता तो गाडीभोवती फिरू लागला. दारांच्या फटीतून बोट फिरवले. फट सगळीकडे सारखी होती. पत्र्याच्या कडेला डोळा लावून रंग पाहिला. खाली वाकून टायरची आतली बाजू चाचपली. मुलगी त्याच्यामागून येत होती आणि तो जिथे हात लावेल तिथे हात लावून बघत होती. ती लहान असताना वर्कशॉपमध्ये अशीच मागे मागे फिरायची. त्याला ते आठवले, पण आठवून आत काही हलले नाही. त्याने ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली.

"ऑइल बरं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे घ्यायची?"

"इतक्यात नाही."

काका पुढे आले. नाहीतरी थांबायचेच आहे तर कोपऱ्यावरून काही थंड घेऊन येऊ, असे ते मुलीला म्हणाले. ती जायला तयार नव्हती. बाबा काय काय बघतात ते मला बघायचंय, असे तिचे म्हणणे होते. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "त्यांना निवांत बघू दे. चल, पाय मोकळे करू."

ती दोघे फाटकाबाहेर गेल्यावर तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. आत अत्तराचा वास इतका होता की डोळे चुरचुरले. त्याने सीटचा पट्टा धरला आणि ओढत राहिला. रोज जितका निघतो त्याच्याही पुढे, अगदी शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी डाग होता आणि त्याच्या वर एक सरळ रेघ. त्याने नखाने खरवडले. नखात वाळलेला गाळ आला.

मग तो खाली वाकला आणि सीटजवळच्या कार्पेटची कड उचलू लागला.

"अहो, ते फाटेल," डॉक्टर दाराशी येऊन म्हणाले.

कार्पेट निघाले. खालचा पत्रा ओला नव्हता, पण बोटाला बारीक रेती लागली. सीटचे स्क्रू गंजलेले होते.

"पुन्हा पुन्हा तेच किती वेळा उपसायचं?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते फक्त कंटाळले होते. "तुमचे साहेब, आत्ता मुलीबरोबर बाहेर गेले तेच, गुरुवारी येऊन गेले की. बरोबर मेकॅनिक होता. त्यानं हेच सगळं काढून बघितलं. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती हे मी तेव्हाच कबूल केलं."

त्याने कार्पेट हातात तसेच धरून ठेवले.

"मग आज कशाला आलो आम्ही?"

"ते मला काय माहीत? मला वाटलं, भाव पाडायचा असेल. ते म्हणाले, आमच्या घरातले एक जण रविवारी येतील, त्यांना नीट बघू द्या, आधी काही बोलू नका." डॉक्टरांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही त्यांचे कोण?"

"मुलगी माझी आहे," तो म्हणाला.

वर पेशंटचा फोन येणार आहे, काय ते ठरवून कळवा, असे म्हणून डॉक्टर लिफ्टकडे गेले. किल्ली मात्र त्यांनी गाडीलाच ठेवली.

तो सीटवर बसून राहिला. आपल्याला राग यायला हवा, असे त्याला वाटले. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. राग आला नाही. फक्त एवढे लक्षात आले की मघापासून आपण कार्पेटची कड गच्च धरून बसलो आहोत आणि बोटे दुखताहेत. त्याने ती सोडली. कार्पेट दाबून जागेवर बसवले, कड नीट आत सरकवली. पट्टाही सोडला, तो सरसर आत गेला आणि रेघ दिसेनाशी झाली.

मुलगी आली तेव्हा तिच्या हातात सरबताच्या बाटल्या होत्या. एक तिने त्याच्यापुढे धरली. "सापडलं काही?"

त्याने काकांकडे पाहिले. ते आपल्या बाटलीचे झाकण उघडण्यात गुंतले होते. झाकण उघडलेलेच होते.

सांगून टाकणे सोपे होते. एका वाक्यात झाले असते. मग मुलगी काकांकडे वळली असती, तिने त्यांना विचारले असते, आणि त्यांना काहीतरी उत्तर द्यावे लागले असते.

"ये, बस इथे," तो उठत तिला म्हणाला. "पट्टा ओढ. अजून. अजून ओढ."

तिने ओढला. शेवटचा भाग बाहेर आला तेव्हा त्याने रेघेवर बोट ठेवले. गाडी बाहेरून कितीही धुता येते, आतले कापड बदलता येते, तो सांगू लागला, पण पट्ट्याच्या शेवटाकडे सहसा कोणी बघत नाही. पाणी इथवर चढले होते. म्हणजे सीटखालच्या सगळ्या तारा बुडाल्या. अशी गाडी वर्ष-दोन वर्षे सुरळीत चालते. मग एके दिवशी डोंगराच्या वळणावर काही बिनसते, आणि नेमकी तेव्हा एअरबॅग उघडत नाही. तो बरेच बोलला. बोलता बोलता त्याला जाणवले की आपण इतके सलग बोललो त्याला फार दिवस झाले.

मुलगी रेघेकडे बघत राहिली. काका तिच्या खांद्यावरून वाकले, चष्मा वर सरकवला आणि डाग पाहिला. अगदी पहिल्यांदाच पाहत असावेत तसा पाहिला.

"मला नसतं कळलं हे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही तर घेऊनच टाकली असती," मुलगी म्हणाली.

"घेतलीच असती."

तिने एकदम वडिलांचा दंड धरला, सोडला, आणि फोन काढून आईला लावत खांबापलीकडे गेली. तिचे सगळे बोलणे ऐकू येत नव्हते. 'बाबांनी' हा शब्द मात्र दोनदा आला, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने. काका तिकडे बघून हळूच हसले.

त्याने गाडीची दारे लावली. किल्ली काढली आणि वॉचमनकडे ठेवायला दिली. डॉक्टरांना काय कळवायचे ते काकांनी फोनवर दोन शब्दांत कळवले. मग दोघे फाटकाबाहेर, काकांच्या गाडीजवळ येऊन थांबले. रस्त्यावर ऊन होते. समोरच्या इस्त्रीवाल्याने दुपारपुरते फळकूट लावून घेतले होते.

"पुढच्या रविवारी आणखी एक आहे बघायला," काका रस्त्याकडे बघत म्हणाले. "पांढरी. याच कंपनीची नाही, पण परदेशीच. तुम्हाला जमेल का?"

त्याने बाटलीतले उरलेले सरबत संपवले.

"तुम्ही आधी गुरुवारी बघून या," तो म्हणाला. "मग मी येतो."

काकांचा दाराकडे गेलेला हात तिथेच राहिला. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग इमारतीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. ते काही बोलणार तोच मुलगी फोन पर्समध्ये टाकत आली. मागचे दार उघडून आत बसली आणि खिडकीतून डोके बाहेर काढून तिने विचारले, तुम्ही दोघं असे उन्हात का उभे आहात.

"काही नाही," काका म्हणाले. "पुढच्या रविवारचं ठरवत होतो."