करवतीचा एक दात

राधाबाई गेल्याचं कळलं तेव्हा टिकाराम मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तिचीच वाट पाहत होता. त्याची बायको सानगडीला बहिणीकडे गेली होती आणि दुपारच्या बसने परतणार होती. चैत्रात देवीला नेसवायचं लुगडं मागावर चढलेलं होतं, आणि करवती काठ विणायचा तर काठाकडे दुसरं माणूस लागतं. सून रंजिता दारात फोन कानाला लावून उभी होती. तिने फोन खाली घेतला, आत आली आणि त्याच्या हातातला धोटा काढून घेतला. तेवढ्यावरून त्याला समजलं.

तेरवी झाली. लुगडं तसंच मागावर राहिलं.

गावची देवी मोहामाय, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर बसलेली. तिची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक. पूर्वी पाळीवर मोहाचं जुनं झाड होतं. ते पाडायला माणसं करवत घेऊन आली. करवत बुंध्यात शिरली आणि तिचा एक दात तुटून लाकडातच राहिला. चिरेतून पाहिलं तर आत बाईचा चेहरा. माणसं करवत टाकून पळाली. मग त्या करवतीला कोणी हात लावेना. तेव्हा एका विणकराची बायको म्हणाली, हिला मायच्या काठातच घालून टाकू, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही. तेव्हापासून मायच्या लुगड्याला करवतीचा काठ, आणि त्यात एक दात सोडलेला. पूर्ण दातांची करवत मायला नेसवत नाहीत. ती अजून कापू शकते.

दात कुठे सोडायचा ते विणकराने ठरवायचं नसतं. काठाकडे बसलेल्या बाईने विणता विणता ही गोष्ट सांगायची, आणि गोष्टीत दात तुटला की काठातही तिथेच सोडायचा. राधाबाई दरवर्षी सांगायची आणि टिकाराम दरवर्षी ऐकायचा नाही. ठाऊक असलेली गोष्ट कोण ऐकतं? ती थांबा म्हणायची, तो थांबायचा.

देवस्थान कमिटीचे भय्याजी येऊन गेले. दुःखाचं बोलले, चहा घेतला, मग म्हणाले की यंदा नागपूरहून यंत्रमागावरचं लुगडं आणून टाकू. देवस्थानाच्या कमानीवरच्या फ्लेक्सवर तशीही सगळ्या दातांचीच करवत छापली आहे, कोण पाहायला जातं? टिकारामला वाद घालायचं त्राण नव्हतं.

"फ्लेक्स कोनी नेसत नाई, भय्याजी," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने रंजिताला काठाकडे बसवलं. ती दिघोरीची, धानाच्या घरची. रोवणीत तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती, पण मागावर ती पहिल्यांदाच बसली. धोटा सारखा निसटायचा.

"मामाजी, याच्यापेक्षा चिखल बरा," ती म्हणाली.

चार-आठ दिवसांत तिचा हात बसला. दोघं मान खाली घालून विणत राहिले, आणि पदराची खूण समोर आली तेव्हा टिकारामच्या लक्षात आलं की काठ सगळा अखंड गेला. कोणी थांबा म्हटलंच नव्हतं. तो त्या शब्दाची वाट पाहत विणत राहिला होता.

त्याने धोटा खाली ठेवला. उकलायला बसला. उकललेल्या कोशाच्या रेशमी धाग्याला पूस, बारीक लव, सुटते, तो पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. डोळे चुरचुरायला लागले तरी तो एकेक धागा मागे घेत राहिला.

रंजिताने ते पाहिलं. "गोष्ट मले येते, मामाजी. पन आत्याबाई कशा सांगत होत्या, ते नाई येत. तुमी सांगा. दात मी सोडीन."

त्याने सुरुवात केली. पाळ झाली, झाड झालं, माणसं आली, करवत बुंध्याला लागली. पुढचं वाक्य त्याला ठाऊक होतं. ते राधाबाईच्या आवाजातच होतं, त्याच्या तोंडात येईना. तो थांबला. रंजिताचा हातही थांबला.

"इथंच सोडू काय?" तिने विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "हे तं मी दमलो म्हनून थांबलो."

ती भात ठेवायला उठली. टिकाराम खड्ड्यातच बसला.

चैत्र तोंडावर आला आहे. लुगडं मागावर आहे. दात सोडायचा राहिला आहे.