बेडपॅनलाही किळस येते

मी एक जुना बेडपॅन आहे. मित्रांनो, नाक मुरडून झालं असेल तर पुढे सांगतो. नसेल झालं तर सावकाश मुरडा, मला सवय आहे. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांच्या खाली सरकवायचं स्टीलचं भांडं म्हणजे मी. माणूस तोंडाने काय घेतो ते सगळं जग पाहतं. बाहेर काय पडतं त्याचा हिशेब माझ्याकडे असतो. त्यामुळे माणसांबद्दल माझी काही मतं झाली आहेत. ती फारशी चांगली नाहीत.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एकाच पत्र्यातून आम्ही भावंडं निघालो. एक मोठ्या हॉटेलात वाढायचा ट्रे झाला, एक ऑपरेशनच्या खोलीत गेला. मी वळणदार निघालो, म्हणून बायकांच्या वॉर्डात आलो. भावंडांनी नंतर कधी ओळख दाखवली नाही. नातेवाईक वर चढले की असं होतं.

वॉर्डात लोक मला पाहून नाकाला रुमाल लावत. ज्या आईने यांची दुपटी धुतली, तिच्या पलंगाशी मी आलो की मुलगे ‘जरा फोन आलाय’ म्हणून बाहेर सटकत. फोन वाजलेला मी एकदाही ऐकला नाही. मला किळस येते ती अशा वेळी. माझ्यात जे पडतं, ते निदान पाण्याने धुतलं तर जातं.

मला नीट वागवलं ते मोठ्या सिस्टरांनी. सगळा वॉर्ड त्यांच्या हाताखाली होता. गार पत्रा अंगाला लागला की रुग्ण आखडतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या मला आधी गरम पाण्याखाली धरत, पुसत, आपलं मनगट लावून पाहत, पडदा ओढत आणि मगच कामाला लावत.

त्या सुमारास मांडीचं हाड बसवलेल्या एका आजींना ऑपरेशननंतर लघवीच होईना. पोट तट्ट फुगलं. पण पडल्यापडल्या भांड्यात करायचं म्हणजे त्यांना मरणप्राय वाटे. नळी घालायची पाळी आली, तशा आजी रडवेल्या झाल्या. सिस्टरांनी बेसिनचा नळ बारीक सोडून ठेवला आणि विचारलं, “आजी, तुमची सून स्वयंपाक कसा करते?”

आजींना विषय मिळाला. सून भात कसा करपवते, वर पातेलं आपल्यालाच घासायला कसं ठेवते, इथपर्यंत त्या आल्या आणि धार लागली.

“झाली,” सिस्टरांनी पडद्याबाहेर येऊन सांगितलं.

“झाली ना? बरं झालं बाई,” पलीकडच्या पलंगावरून उत्तर आलं, आणि सगळा वॉर्ड हसला. पगाराच्या दिवशीसुद्धा सिस्टरांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता.

आता किळसवाणा भाग सांगतो. लघवीचा भाग तो नव्हता.

आम्हाला धुऊन ठेवत त्या खोलीला लागूनच सिस्टर लोकांचं बाथरूम होतं. होतं म्हणजे दार होतं, दाराला कुलूप होतं आणि किल्ली व्यवस्थापक साहेबांच्या खिशात होती. आत समारंभाचं सामान भरलेलं. कागदी फुलांची कमान, भाषणाचं टेबल, ‘सेवा हाच आनंद’ असा फलक. दुसरं बाथरूम खाली, इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. वॉर्ड उघडा टाकून तिथवर जाणार कोण? म्हणून सिस्टर पाणीच पीत नसत. आधी नाइलाजाने, मग सवयीने आणि शेवटी, काय सांगू, अभिमानाने. मोठ्या सिस्टरांना सगळे कौतुकाने ‘उंट’ म्हणत. त्यांनाही ते आवडे.

एक नवी सिस्टर पाण्याची बाटली घेऊन आली, तेव्हा मोठ्या सिस्टरच म्हणाल्या, “अगं, कामाला आलीस की सहलीला?”

“ताई, पेशंटला तर तुम्ही मागे लागून पाणी पाजता.”

“पेशंटला भांडं मिळतं. तुला कोण देणार?”

सगळ्या हसल्या. पत्र्याला जेवढं हसता येतं तेवढं मीही हसलो.

मग मोठ्या सिस्टरांच्या सत्काराचा दिवस आला. सामान बाहेर निघालं, बाथरूम रिकामं झालं, आणि साहेब म्हणाले, “पाहुणे येतायत, ती घाण आत कुठेतरी टाका.” घाण म्हणजे आम्ही. आम्हाला त्याच बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. नळाला पाणी होतं, फरशी धड होती, कडी लागत होती. एवढी चांगली जागा बेडपॅनांना मिळाली, सिस्टरांना नाही. बाहेर ध्वनिक्षेपकावर साहेबांचा आवाज चढला. “आमच्या मोठ्या सिस्टर अख्ख्या पाळीत पाण्याचा घोट घेत नाहीत. याला म्हणतात त्याग.”

टाळ्या पडल्या. मित्रांनो, माझ्यात आजवर नाही नाही ते पडलं आहे. त्या टाळ्यांइतकं घाण काही पडलेलं नाही.

मानचिन्ह घेताना सिस्टर टेबलाला धरून उभ्या राहिल्या, असं मला मागाहून कळलं. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. त्यांना थंडी वाजून ताप चढला होता. संध्याकाळी त्या आपल्याच वॉर्डात, त्या आजींच्या शेजारच्या पलंगावर आडव्या झाल्या.

“लघवीतला संसर्ग किडनीपर्यंत गेलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “असंच पाणी टाळत, लघवी दाबत राहिलात तर किडनी जाईल, आणि हे कामही.” सिस्टरांनी भिंतीकडे तोंड केलं.

हाताला सलाईन, उठलं की चक्कर. नवी सिस्टर मला घेऊन आली. गरम करून, पुसून.

“मी जाते चालत,” सिस्टर म्हणाल्या.

“कुठे जाता, ताई?”

मोठ्या सिस्टर परत आडव्या झाल्या. नव्या सिस्टरने नळ सोडला, पण धार लागेना. वर्षानुवर्षं दाबून ठेवायला शिकवलेलं शरीर आता ऐकेना. खूप वेळाने जे आलं, ते चमचाभर, गढूळ आणि उग्र वासाचं. मला शिसारी आली. त्या लघवीची नव्हे. तिला त्याग म्हणणाऱ्यांची.

“झाली का?” आजींनी विचारलं.

“झाली,” नवी सिस्टर म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

“मला हे काम आवडतं हो, आजी,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “सोडावं लागलं तर घरी बसून करू काय?”

“मग पाणी पी,” आजी म्हणाल्या. “माझ्या लघवीसाठी तासभर उभी राहिलीस, पोरी. स्वतःच्या लघवीसाठी घटकाभर बसायला काय धाड भरली होती?”

दुसऱ्या दिवशी साहेब फुलं घेऊन आले. “लवकर बऱ्या व्हा. तुमच्यावाचून वॉर्डाचं पान हलत नाही.”

“बाथरूमची किल्ली द्या.”

“अहो, मग सामान कुठे ठेवायचं?”

“तुमच्या केबिनमध्ये.”

“तिथे माणसं येतात, सिस्टर.”

“इथे कोण येतं, साहेब?”

साहेब म्हणाले, विचार करू. फुलं ठेवून गेले.

बऱ्या होऊन सिस्टर कामावर आल्या, त्या पाण्याची बाटली घेऊनच. साहेबांचा विचार अजून चालूच होता. अशात एका सकाळी ते देणगी देणाऱ्या पाहुण्यांना वॉर्ड दाखवायला घेऊन आले.

“आमच्या मोठ्या सिस्टर कुठे गेल्या?”

“भांड्यावर आहेत,” नव्या सिस्टरने शांतपणे सांगितलं.

कोपऱ्यातल्या रिकाम्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. आत मी होतो, गरम केलेला, आणि माझ्यावर मोठ्या सिस्टर होत्या, धडधाकट.

“बसा साहेब,” त्या आतून म्हणाल्या. “माझं होतच आलंय.”

एक पाहुण्या बाई दबक्या आवाजात विचारू लागल्या, “यांना बाथरूम नाही का?”

“आहे ना,” पडद्यातून उत्तर आलं. “तिथे कमान राहते.”

आणि मग धार लागली. स्वच्छ, भरपूर आणि स्टीलवर चांगली खणखणीत वाजणारी. पाहुणे ऐकत उभे राहिले. साहेबांनी रुमाल काढला, पण पाहुण्यांपैकी कोणीच काढला नाही, म्हणून परत खिशात घातला. त्याच दिवशी कमान त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि किल्ली वॉर्डात आली.

आता वॉर्डात प्लास्टिकची हलकी भांडी आली आहेत. मी चेपलेल्या अंगाने वरच्या फळीवर पडून असतो. तक्रार नाही. मात्र एक मागणं आहे. मित्रांनो, तुम्ही कधी दवाखान्यात गेलात, घंटा वाजवलीत आणि तुमच्या सिस्टर लगेच आल्या नाहीत, तर आरडाओरडा करू नका. घाईचं असेल तर दुसऱ्या सिस्टरांना हाक मारा. नसेल, तर थोडं थांबा. त्या बाथरूमला गेल्या असतील. नीट जाऊन येऊ द्या त्यांना.