छातीवरची फक्की

चैत्राचं ऊन पंचगंगेवरून पेठेत चढत होतं. हळदुलं, हलकं, वाऱ्याने चाळलेलं. कौलांवरून उतरत, भिंतींवरून ओघळत ते शालन खराड्यांच्या अंगणातल्या दोरीवर येऊन थबकलं. दोरीवर एकच वस्त्र वाळत होतं. पूर्ण बाह्यांचा गर्द निळा शर्ट, पाठीवर हाताने शिवलेला एकचा आकडा.

दिनकर सरनोबत दारातच थांबले. हाच तो शर्ट, आणि तो धुतलेला होता.

कोल्हापुरातल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यांचे जुने शर्ट जमवायचा त्यांना भारी नाद. विटलेली निळाई, शिणलेला किरमिजी, उन्हाने प्यायलेला हिरवा. एकेचाळीस शर्ट त्यांच्या ट्रंकेत होते आणि एकालाही त्यांनी पाणी लावलं नव्हतं. घामाचे नकाशे, मातीची तांबडी फुलं, गवताचे ओरखडे त्यांना वाचता येत. कोण कुठे पडला, कुणाला कुणी ओढलं, हे ते शर्टाला विचारत.

या शर्टाला मात्र एकच गोष्ट विचारायची होती, चाळीस वर्षांपासूनची.

त्या सांजसोनेरी अंतिम सामन्यात दिनकरने चेंडू मारला. गोलरक्षक मधू खराडे पुढे झेपावला आणि मैदानाकडे हात पसरून, चेंडू पंजांत धरून, पालथा पडला. रेषेवर की रेषेमागे जाळ्यात, कुणालाच कळलं नाही. दिनकरने हात उंचावले, पंचांनी गोलची शिट्टी फुंकली, गर्दी मैदानात घुसली आणि रेषा पायांखाली पुसली गेली. मधूच्या पेठेचा संघ हरला. ‘चेंडू आत घेऊन पडलेला’ हेच त्याचं नाव झालं, मरेपर्यंत.

मधूच्या छातीवर फक्की, म्हणजे रेषेची पांढरी पूड, लागली असेल, तर पुढे पसरलेल्या हातांतला चेंडू मैदानातच होता. शर्ट कोरा असेल, तर चेंडूसकट मधू जाळ्यात.

आणि आता शर्ट स्वच्छ होता, निर्मळ, निरुत्तर.

“वहिनी, धुतला?”

“धुतला की, कालच. ह्यांनी जन्मभर हात लावू दिला न्हाई. पण पाव्हण्याला मळका कसा दावायचा, भावजी?”

दिनकरराव ओट्यावर टेकले. शालनवहिनी पाण्याचा तांब्या ठेवून सहज बोलत राहिल्या.

“माती गेली पटदिशी. छातीवर पांढरा पट्टा हुता, ह्या खांद्यापास्नं त्या खांद्यापतूर. चुन्यागत. त्यो काय केल्या सुटंना, लई घासला तवा गेला.”

वारा पडला. अंगणातलं ऊन जागच्या जागी उभं राहिलं.

बोलायचं की गिळायचं? गिळलं तर कुणाला कळणार होतं? पण चाळीस वर्षांचं कुतूहल आता कुतूहल उरलं नव्हतं, आणि दिनकररावांना स्वतःची लाज वाटली.

“वहिनी, तो गोल नव्हता. मधूने अडवला होता. मीच आधी हात वर केले.”



“ह्यास्नी सांगाय पायजे हुतं,” वहिनी हळूच म्हणाल्या.

बदल्यात द्यायला आणलेला स्वतःचा शर्ट दिनकररावांनी पिशवीतून काढला. त्याच सामन्यातला, नऊ नंबरचा, जिंकलेला, न धुतलेला. तो त्यांनी वहिनींपुढे धरला. निळा मागायचं धाडस त्यांचं झालं नाही.

शालनवहिनी उठल्या. नऊ नंबर त्यांनी घेतला, बादलीत बुडवला, दगडावर घासला, पिळला. मग दोरीवरचा निळा शर्ट थोडा सरकवून त्याच्या शेजारी जागा केली. तांबडं पाणी अंगणभर पसरलं, आणि दोन शर्ट शेजारी शेजारी, थेंब थेंब, वाळत राहिले.