खिडकीकडं फिरवलेला फळा

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण टण्णकन् वाजलं आणि दुपारची सगळी शांतता मोडली. सुनयना लॅपटॉप तसाच उघडा टाकून आत धावली. गॅस बंद केला, पाळण्याकडं कान दिला. बाळ हललं नव्हतं. म्हणजे अजून थोडा वेळ तिचा होता.

वेळाचे असेच चोरलेले तुकडे जोडून तिनं द्वारकाबाईंवरचा लेख लिहिला होता. ऐन तरुणपणी विधवा झालेली ही बाई ट्रेनिंग करून निपाणीत मुलींच्या शाळेवर आली. लोकांनी नावं ठेवली, भाड्यानं खोली देईनात, तरी शिकवत राहिली आणि उरल्या वेळात गोष्टी लिहीत गेली. तिच्या पहिल्या पुस्तकाला यंदा शंभर वर्षं होत होती. म्हणून बेळगावकडच्या एका छोट्या संमेलनानं स्मरणिका काढायला घेतली होती आणि लेख मागितला होता सुनयनाकडं. हायस्कूलला मराठी शिकवणारी, निपाणीचीच लेक.

सुनयनाकडं मात्र आणखी एक कारण होतं. द्वारकाबाई वर्गातला फळा भिंतीला लावत नसत. तिरका करून खिडकीकडं फिरवत. कारण खिडकीबाहेर पडवीत महारवाड्यातल्या पोरी बसायच्या; त्यांना आत घ्यायला गाव तयार नव्हतं. त्या पोरींतली एक बाळाबाई, सुनयनाची पणजी. पडवीच्या मातीवर बोटानं अक्षरं गिरवून ती शिकली. पुढं तंबाखूच्या वखारीत बायका पानं निवडायच्या आणि बाळाबाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. मुकादम ओरडला तर म्हणायची, "हात थांबल्यात का कुणाचं? मग कान कशाला झाकायचं?"

हे सगळं सुनयनानं आजीकडून ऐकलेलं. लेखात ते आलं नसतं तर तिनं लेख लिहिलाच नसता.

दारात मोटरसायकल थांबली. भरमू आण्णा आले. खानापूरकडचे शेतकरी, निवृत्त मास्तर, स्मरणिकेचं सगळं काम त्यांच्याच अंगावर. पिशवीतून त्यांनी छापायचे कागद काढले.

"म्याडम, लई झकास लिवलंय. डोळ्यांत पाणी आलं बघा."

"मग हे लाल पेनानं काय केलंय, आण्णा?"

आण्णांनी चहाची बशी उगीच फिरवली. "पडवीचं तेवढं काढलंय. फळा फिरवला ते हाय तसंच ठेवलंय. सोहळ्याचं वरीस हाय. लोक म्हणतील, बाईंनी पोरी भाईर बसवल्या."

"बाईंनी न्हाय, गावानं बसवल्या. तेच लिहिलंय मी."

"गाव तरी कशाला मधी? आमच्या गावात माझा आज्जाबी तसलाच असंल की."

"असंल. पण माझी पणजी भाईर होती, हे तर नक्की." सुनयनाचा आवाज चढला नाही. "आणि मला एक सांगा, पडवी काढली तर बाईंनी फळा खिडकीकडं फिरवला कुणासाठी? चिमण्यांना शिकवायला?"

आत भाजी निवडणाऱ्या सासूबाई, अंजनाआत्या, खो खो हसल्या. "आण्णा, त्यातल्या किती चिमण्या पास झाल्या तेबी छापा!"

आण्णांनाही हसू फुटलं, पण ते पटकन आवरलं. "हसू नगा आक्का. बोलणी मला खावी लागत्यात."

"माझ्याकडं पाठवा त्यांना," सुनयना म्हणाली. "लेखाखाली नाव माझं हाय. बाईंचं धाडस दाखवायचं असंल तर ते कशासमोर दाखवलं, ते नको का दाखवायला? पडवी जाणार असंल तर अख्खा लेख काढा. त्या पानावर बिस्किटांची जाहिरात घाला."

आण्णांनी त्या लाल रेघांवरून बोट फिरवलं. मास्तरकी केलेला माणूस. फळा कशासाठी फिरवतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शेवटी खिशातून पेन काढून त्यांनी रेघांच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ठेवा'.

"लई हट्टी हाय तुमची सून," जाताना ते आत्यांना म्हणाले.

"हट्टी हाय म्हणूनच आणलीया," आत्या म्हणाल्या.

मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. सुनयनाला वाटलं, आता बाळाबाईसारखं वखारीत उभं राहून आपणही मोठ्यानं वाचावं. टेबलाखाली रंगखडू पसरून बसलेली आमू बाहेर आली. सहा वर्षांची ही लेक कधीपासून कान देऊन बसली होती कोण जाणे.

"आई, बाईंनी गोष्टींची पुस्तकं लिहिलीत ना?"

"व्हय गं. दोन."

"मग तुझी पणजी कुठल्या गोष्टीत हाय?"

सुनयनानं तिला मांडीवर घेतलं. दोन्ही पुस्तकं तिनं पुन्हा पुन्हा चाळली होती. त्यात ओसरीवरच्या मुली होत्या, माजघरातल्या होत्या, विहिरीवरच्या होत्या.

"कुठल्याच न्हाय, आमू."

"एवढं शिकवून पण?"

"एवढं शिकवून पण."

आमूनं आईच्या गळ्यातला धागा बोटाला गुंडाळला आणि विचार करकरून विचारलं, "मग बाईंना तिचं नाव तरी माहीत होतं का गं?"