छताचा रंग

गाडीच्या छतावर मी बोटाचं पेर मारलं आणि थांबलो. जरा सरकून पुन्हा मारलं. मग हात मागे बांधले आणि समोरच्या झाडावरचे कावळे बघत उभा राहिलो. गिऱ्हाइकाच्या वतीनं गाडी तपासणाऱ्यानं विकणाऱ्यासमोर तोंड वेडंवाकडं करू नये, एवढी रीत मी पाळतो.

माझं गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर सामेह, दातांचे. वय चाळिशीचं, डोक्यावरचे केस निघून चाललेले आणि नेमकी त्याच सुमाराला दोन दारांची लाल गाडी घ्यायची हौस आलेली. असे खूप येतात माझ्याकडे. हेलिओपोलिसच्या एका गल्लीत कापडाखालची गाडी नजरेला पडली आणि त्यांनी माझा दंडच धरला. तेव्हाच समजलो, आज याला सांभाळायला हवं. प्रेमात पडलेल्या माणसाशी भावाचं बोलून उपयोग नसतो.

"काय उस्ता बय्यूमी," ते म्हणाले (कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात), "तुमचं काम माझ्यासारखंच की. मी दातावर टकटक करतो, तुम्ही पत्र्यावर."

"फरक आहे, डॉक्टर. तुम्ही भोक बुजवलं की पैसे घेता. आम्हाला बुजवलेलं सापडलं की आम्ही पैसे कापतो."

विकणारे गृहस्थही हसले. वगदीसाहेब त्यांचं नाव. वीज कंपनीत बिलं भरायच्या खिडकीमागे सगळी नोकरी करून निवृत्त झालेले. शुक्रवार असूनही टाय लावून खाली आले होते. गाडीवरचं कापड त्यांनी असं अलगद काढलं, जसं काही आत कोणी झोपलंय. दरवान मदतीला पुढे झाला तर त्याला हातानंच मागे सारलं. कापडाखाली गाडी अशी झळकत होती की डॉक्टरांना तिच्यात आपलं टक्कल दिसलं असेल.

तेच तर दुखणं होतं. आमच्या कैरोत जुनी गाडी घेणारा इंजिनाचं नंतर विचारतो. आधी विचारतो, फाब्रिका आहे का? म्हणजे कारखान्यातून आला तोच रंग अंगावर आहे का. एक दार रंगवलेलं असेल तर लोक नाक मुरडतात, दोन असतील तर निम्मे उठून जातात. आणि छत रंगवलेलं असेल तर पुढे बोलणंच होत नाही. दार काय, कुठंही घासतं. छत कशाला घासेल? छताला रंग आहे म्हणजे गाडी उलटली होती, असा बाजाराचा ठाम समज आहे, आणि दहांतल्या नऊ वेळा तो खराही असतो. ही गाडी तर नखशिखांत रंगवलेली होती. काचांच्या रबरावर अजून शिंतोडे होते.

"साहेब," मी विचारलं, "गाडी कुठं आपटली होती?"

"आपटली? कुठंच नाही."

"उलटली-बिलटली?"

"अहो, माझ्या आयमननं कधी कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. मुलगा माझा. जेद्दाहून परत आला तेव्हा हौसेनं घेतली त्यानं. वर्षभर चालवली असेल-नसेल. मग मूत्रपिंडांचं दुखणं निघालं, आणि..." पुढचं वाक्य त्यांनी हातानं पुरं केलं.

"अल्ला त्याच्यावर दया करो," आम्ही दोघं म्हणालो. असं म्हटल्यावर जरा वेळ जाऊ द्यायचा असतो, तो मी जाऊ दिला.

"मग हा रंग?"

वगदीसाहेबांचा चेहरा उजळला. या प्रश्नाची ते वाटच बघत असावेत. "तो मी दिलाय. गेल्या महिन्यात. तीन वर्षं गाडी इथंच उभी. वरून कापड होतं, पण वादळाची धूळ कापडाखाली शिरायची आणि वाऱ्यानं कापड हललं की सगळी गाडी घासली जायची. पार मळकी दिसत होती. म्हटलं, पोरगी दाखवायची तर तोंड धुवून, चांगले कपडे घालूनच दाखवतो ना आपण? चांगला कारागीर गाठला. नोकरी सुटताना हातात आलेले पैसे यातच घातले. पण बघा, आहे की नाही नवी कोरी?"

माझं आयुष्य पत्र्यात गेलंय. आधी ठोकण्यात आणि आता दुसऱ्यांनी ठोकलेलं ओळखण्यात. तुटलेल्या गाड्या जोडून रंगवणारे पाहिले, दोन गाड्यांची एक करणारे पाहिले, भुशानं गिअरचा आवाज दाबणारे पाहिले. पण धडधाकट गाडीचा भाव चढावा म्हणून पदरचे पैसे खर्चून तिला रंग देणारा माणूस मी पाहिला नव्हता. शहरातल्या कुठल्याही टॅक्सीवाल्यानं त्यांना हे करू दिलं नसतं. पण ज्याला गाडी चालवता येत नाही, ज्याची जन्मभर ट्राम आणि पायपीट, त्याला कोण सांगणार?

डॉक्टर पुढे झाले. माणूस वाईट नाही, पण बाजारानं सगळ्यांनाच शिकवून ठेवलंय. "काका, मनमोकळं सांगा. उलटली असेल तर उलटली. आम्ही काही पळून जात नाही, कमी करून घेऊ."

वगदीसाहेबांनी टायची गाठ सरळ केली. "डॉक्टर, माझा मुलगा अंथरुणात गेला. मी उशाशी होतो. तुम्हाला पैसे कमी द्यायचे तर कमी द्या, पण त्याच्या माथी अपघात मारू नका. कुराणावर हात ठेवतो हवं तर."

"शपथ राहू द्या," मी म्हणालो. "शुक्रवारच्या गाडीबाजारात शपथा ढिगानं मिळतात. मला दार उघडू द्या."

बोललो आणि वाईट वाटलं; पण तोंडाला सवय झालीय.

दाराचं रबर ओढून आत पाहिलं. आतल्या पत्र्यावर जुना, फिकट, अस्सल रंग. बिजागरीच्या नटांना कधी पाना लागला नव्हता. डिकीतलं कार्पेट उचललं, चाकांच्या कमानींत हात घातला, खाली वाकून पाहिलं. कारखान्यातले जोड जसेच्या तसे. वर पोचे बुजवायची लांबी म्हणाल तर नखाएवढीसुद्धा नव्हती. नुसता रंग, तोही मन लावून मारलेला. म्हातारा अक्षर न् अक्षर खरं बोलत होता, आणि मला त्याचा रागच आला. खोटारड्यांशी कसं वागायचं ते मला कळतं.

चालकाच्या बाजूचं दार लावलं तसे वगदीसाहेब वाकले. "हे बघायचं राहिलं तुमचं. इथं कडीच्या मागच्या खोबणीत आयमनच्या अंगठीचे ओरखडे होते. दार उघडताना रोज लागायची ना. फार विद्रूप दिसायचे. कारागिरानं असे घासून काढलेत की शोधून सापडणार नाहीत. मी शाबासकी दिली त्याला."

त्यांनी खोबणीत बोट घातलं आणि फिरवलं. आणखी एकदा फिरवलं. "काहीच लागत नाही," ते म्हणाले. बोट मात्र तिथंच राहिलं. मी डॉक्टरांचा हात धरून त्यांना झाडाखाली घेऊन गेलो.

"गाडी चोख आहे," मी सांगितलं. "कुठं टोला नाही. म्हाताऱ्यानं बसल्या जागी वेडेपणा केलाय, एवढंच."

"तुमचा विश्वास बसला?"

"माझा बसला."

"मग योग्य भाव काय?"

"अंगावर पहिला रंग असता, मळका का असेना, तर दोन लाख वीस हजार पौंड डोळे मिटून दिले असते कुणीही. आता एक साठ."

"पण गाडी तर तीच आहे म्हणता."

"गाडी तीच आहे. पण दोन वर्षांनी तुम्ही विकायला काढाल. तेव्हा तुमच्यासारखाच एक जण येईल, माझ्यासारखा एक जण घेऊन. तो छतावर बोट मारेल आणि तुम्ही त्याला ही सगळी कथा सांगाल. मुलगा, मूत्रपिंडं, धूळ. तो ऐकेल?"

डॉक्टरांनी वळून गाडीकडे पाहिलं. "म्हणजे जे घडलंच नाही त्याचे पैसे कापायचे," ते म्हणाले.

"भाव असाच ठरतो, डॉक्टर. मी ठरवत नाही."

माझंच बोलणं कानावर आलं ते मला स्वतःला आवडलं नाही. पण खोटं म्हणाल तर त्यात एक शब्द नव्हता. मी त्यांच्याकडून पैसे घेतो ते त्यांना बुडू न देण्यासाठी. वगदीसाहेबांनी आपला कुणी जाणकार आणला नव्हता, हा काही माझा दोष नाही.

डॉक्टरांनी आकडा सांगितला. एक साठ. वगदीसाहेबांनी तो ऐकला, रुमाल काढून चष्मा पुसला, परत घातला. मला वाटलं, आता घासाघीस करतील. पण आयुष्यभर काचेमागे बसून दुसऱ्याच्या बिलावरचा आकडा वाचलेला माणूस तो; आकड्याशी भांडायचं असतं हे त्यांना माहीतच नसावं. ते माझ्याकडे वळले.

"उस्ता, तुम्ही यातले जाणते. डॉक्टरांचे आहात, पण खरं सांगाल. मी हा रंग दिला नसता, तर जास्त आले असते?"

दरवान बाकावरून मान उंचावून बघत होता. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघू लागले.

"पैसे माझे नाहीत, म्हणून विचारतो," वगदीसाहेब म्हणाले. "नातीचे आहेत. मलक माझी, या वर्षी शाळेत जायची. बापाच्या मागं तिला हीच गाडी काय ती. मी सुनेला दोन वीस सांगून बसलो होतो. माझ्या हातून पोरीचं नुकसान झालं असेल तर मला कळायला हवं."

पत्र्याच्या धंद्यात मी कधी खोटं बोललो नाही. ही फुशारकी नाही. खोटं बोललो असतो तर आज स्वतःचं गॅरेज असतं. माझ्या भावाला एक जण उधारीवर गाडी विकत होता तेव्हाही ती लांबीनं भरलेली आहे हे मी भरबाजारात सांगितलं होतं, आणि त्या विकणाऱ्यानं माझा एक दात पाडला होता. आता या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला खरं बोलता येईना.

"नाही," मी म्हणालो. "एवढेच आले असते. उलट कमीच. मळक्या गाडीला कोण विचारतो?"

डॉक्टरांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

"नक्की?"

"साहेब, या मॉडेलचा भावच उतरलाय बाजारात. रंगाचा काही संबंध नाही."

वगदीसाहेबांचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर धरलेले होते हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले. "मला धास्तीच पडली होती. मग डॉक्टर, न्या तुम्ही. आणि रंग माझ्याकडून भेट समजा."

"एक सत्तर देतो," डॉक्टर म्हणाले. "रंग फार छान आहे, काका."

सगळं आटोपलं. माझे पैसे हातात ठेवताना डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्हाला बरोबर आणणं मला परवडायचं नाही, उस्ता." मग गाडीत बसले. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा वगदीसाहेबांनी हात वर केला होता. पाहुण्याला निरोप देतात तसा.

मी निघालो, पण त्यांनी सोडलं नाही. खिशातून मोठ्या बटणांचा फोन काढला, नंबर लावला आणि बोलायला लागले. "रशा, झालं बेटा. एक सत्तर. हो, कमी आहे, पण ऐक, इथं एक जाणते गृहस्थ आहेत, ते म्हणतात रंग नसता तर एवढेही आले नसते. थांब, त्यांच्याशीच बोल." फोन माझ्या हातात आला. "सून माझी. माहेरी असते आता, शुब्राला. तुम्हीच सांगा, तुमच्या शब्दाला वजन आहे."

"बोला, बाई," मी म्हणालो.

"ते जवळच आहेत?" आवाज तरुण होता, थकलेला.

"हो."

"मग नुसतं हो की नाही ते सांगा. रंगामुळे उतरली ना किंमत?"

वगदीसाहेब माझ्या समोर उभे राहून हसऱ्या तोंडानं बघत होते.

"हो," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

"पन्नास हजारांनी?"

"हो." त्यांनी पुन्हा मान डोलावली.

पलीकडे एक लहान मुलगी काहीतरी मागत होती. आईनं तिला गप्प केलं नाही. "मी सांगितलं होतं त्यांना, नका," रशा म्हणाली. "माझ्या भावानं सांगितलं. ऐकलं नाही. शाळेचे पैसे होते हो ते." मुलगी अजून मागतच होती. मला वाटलं, आता आवाज चढेल, आणि तो त्यांनाही ऐकू जाईल. चढवायचा तिला हक्क होता.

"त्यांना कळलंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग कळू देऊ नका," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

"नाही कशाला म्हणालात?" वगदीसाहेबांनी विचारलं.

"विचारत होती, तुम्ही किमतीवर नाराज आहात का."

"आणि रंगाचं? रंगाचं काही म्हणाली?"

"म्हणाली, आयमनला आवडला असता."

ते वळले. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, एक हात भिंतीवर टेकून. मी त्यांचा फोन हातात घेऊन, उगाच त्याची बटणं बघत राहिलो.