द्राक्षाच्या पानातला घास

क्रीट बेटावरच्या त्या खेड्यातल्या खानावळीत ताट पुढे आले, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले ते नाना. द्राक्षाच्या कोवळ्या पानांत शेपू घातलेला भात गुंडाळून बोटभर लांबीच्या वळकट्या रचल्या होत्या आणि वर लिंबू पिळले होते.

"निवृत्ती, आपण जी छाटून बांधावर फेकतो, ती ही माणसं ताटात वाढत्यात!"

नाना म्हणजे दिंडोरीजवळचे द्राक्षबागायतदार कोंडाजी. वय साठ, गळ्यात तुळशीची माळ. निवृत्ती त्यांचा एकुलता एक मुलगा, सोबतीला आलेला. २००६ च्या मे महिन्यात बागायतदारांची अभ्याससहल त्या बेटावर गेली, तीत नानांची निवड झाली ती त्यांच्या एकरभर बागेमुळे. सहा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ सहादू फवारणी करता करता वेलींखाली कोसळला तो पुन्हा उठला नाही. त्या दिवसापासून नानांनी बागेत विषाचा थेंब येऊ दिला नव्हता. ताक, गोमूत्र आणि दहा झाडांचा पाला कुजवून केलेला अर्क, एवढ्यावर या माणसाने बाग राखली, असे सारा तालुका म्हणे.

बाग ताकावर राखली गेलेली नाही, हे एकट्या निवृत्तीला ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी ढगाळ हवेत भुरी पडून घड पांढरे होऊ लागले, तेव्हा नानांचा चेहरा त्याला पाहवला नाही. दर सोमवारी नाना त्र्यंबकला दर्शनाला जात. अशाच एका सोमवारी त्याने पाठीला पंप बांधला. मग ते सोमवार थांबलेच नाहीत. अर्काच्या उग्र दर्पात औषधाचा वास बुडून जाई, आणि घरी परतलेले नाना तजेलदार पानांवरून हात फिरवत म्हणत, "सहादू बघतोय हे सगळं."

खानावळीची मालकीण, काळ्या कपड्यांतली एक म्हातारी, छातीवर हात ठेवून काही बोलली. दुभाष्याने मराठी केले, "म्हणतात, वेल माझ्या अंगणातली आहे. औषध मारलेलं पान मी माणसाला वाढत नाही."

नाना उठून उभे राहिले. "सांगा त्यांना, आमची पण तशीच हाय."

म्हातारीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. खिडकीबाहेर समुद्र इतका निळा होता, की निवृत्तीला तो आपल्याकडेच टक लावून पाहतो आहे असे वाटले.

"खाय ना रं, अळूवडीची चुलतबहीण हाय ही."

"भूक नाही, नाना."

"कोंडाजी, पोराला वडापाव मागवा!" कुणीतरी ओरडले आणि सारे टेबल हसले.

नानांनी नऊ वळकट्या खाल्ल्या. मग बोटे पुसत, जणू नवस बोलावा तसे ते म्हणाले, "घरी गेलो की तुझ्या आईला करायला लावतो. आपल्याच पानांच्या. पहिला घास सहादूचा."

त्या क्षणापासून निवृत्तीच्या जिवाला थारा उरला नाही. उरलेले चार दिवस तो बसमध्ये, बोटीत, विमानात एकच आशा धरून होता, की नाना विसरतील.

नाना विसरले नाहीत. घरी पोचल्यावर तिसऱ्याच सकाळी ते टोपलीभर पाने खुडून घेऊन आले. निवृत्तीच्या आईने, साळूबाईने, ती तीन पाण्यांनी धुतली. औषध पानाच्या आत मुरते, पाण्याने निघत नाही, हे निवृत्तीला ठाऊक होते. तो ओट्यापाशी गेला, अंगणात आला, पुन्हा आत गेला. वाक्य ओठांपर्यंत येई आणि मागे फिरे.

"पायाला भिंगरी बांधलीय का रं? बस की एका जागी," आई म्हणाली.

वळकट्या शिजल्या. नानांनी एक वाटीत घेऊन सहादूच्या तसबिरीपुढे ठेवली, हात जोडले आणि दुसरी उचलून तोंडाजवळ नेली.

"नाना, नका खाऊ."

"का रं?"

"पानांवर औषध आहे. मीच मारतो. सोमवारी. तीन वर्षं झाली."

साळूबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. नानांनी वळकटी ताटात ठेवली. मग ते तसबिरीपाशी गेले आणि तिथली वाटीही त्यांनी उचलली. कितीतरी वेळ ते पाठमोरेच उभे होते. त्यांनी वळून एक थोबाडीत द्यावी, म्हणजे सुटलो, असे निवृत्तीला झाले.

"म्हणून तिथं तू पानाला शिवला नाहीस."

"हो."

"मी त्या बाईचा हात हातात घेतला होता, निवृत्ती."

वाटी हातातच धरून नाना उंबऱ्यावर बसले.

"तोंडाला फडकं बांधायचास?"

"नाही."

"का?"

"फडक्याला वास राहिला असता. तुम्हाला कळलं असतं."

नानांनी वाटी खाली ठेवली. त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि एकेक बोट नाकाशी धरून ते हुंगू लागले. सहादूला वेलींखालून उचलले, त्या दिवशी त्याचीही बोटे त्यांनी अशीच हुंगली होती. पाचही बोटे हुंगून झाली, तरी त्यांनी हात सोडला नाही. डावा हात मागितला.